हात ठेवून घेतलेली गाडी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
८ ऑक्टोबर २०२५

चि. रूपास,
सप्रेम जयभीम.

विहाराच्या कमानीवरचं चोवीस आऱ्यांचं चक्र. तुझ्या आईच्या घराचा वळणाचा लोखंडी जिना, ज्याची एकही पायरी आजपर्यंत हललेली नाही. कडबा कापायची दोन यंत्रं. पाय गेलेल्या एका भाजीवाल्यासाठी स्कूटरच्या इंजिनवर बनवलेली तीनचाकी, तिच्यावर तराजू ठेवायला वेगळी जागा. तुझी मामी पापड वाळवते ती घडीची जाळी. तू पाचवीत होतीस तेव्हाचं तुझ्या सायकलचं कॅरिअर.

हे मी माझ्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. आयटीआयचा उंबरा मी एकदाच ओलांडला, त्यांच्या खिडकीला गज बसवायला. तुझ्या डेअरीचे सुदर्शन साहेब म्हणतात ना, की वेल्डिंगवाल्या मामाला मोटारसायकलीतलं काय कळणार, त्यांना एवढं वाचून दाखव.

आता कामाचं. तुला एक तारखेच्या आत जुनी मोटारसायकल पाहिजे आणि तुझ्याजवळ पंचेचाळीस हजार आहेत, हे तुझ्या निरोपावरून समजलं. त्यात कागद नावावर करायचा खर्च आणि विमाही बसवावा लागेल. म्हणजे गाडीला चाळीस-एकेचाळीस. मिळेल. पण मला कंपनीचं नाव सांगू नकोस आणि रंग तर मुळीच सांगू नकोस. मला हे कळव: पाठीमागं जो डबा बांधायचा त्याचं भरलेलं वजन किती, दिवसाला किती किलोमीटर, रस्ता कसा, आणि सीटवर बसल्यावर तुझे दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतात का नुसती बोटं.

फोन करू नकोस. बारीकसारीक गोष्टी फोनवर राहत नाहीत. काकासाहेब रोज पर्यटकांची गाडी घेऊन अजिंठ्याला येतो, त्याच्याजवळ पत्र देत जाईन. सोमवारी लेणी बंद, त्यामुळं सोमवारी पत्र नाही.

तुझा मामा,
साहेबराव

०

फर्दापूर
१० ऑक्टोबर

ती. मामा,
जयभीम.

पत्र वाचून हसले आणि सुदर्शन साहेबांना खरंच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पापडाची जाळी भारी आहे."

डबा म्हणजे नायट्रोजनचा कॅन, तीन लिटरचा. रिकामा साडेतीन किलो, भरला की सहा. त्यात वळूच्या रेताच्या कांड्या गोठवलेल्या असतात. गाय माजावर आली की शेतकरी फोन करतो, मी जायचं, कांडी भरायची. माझ्याकडं अकरा गावं आहेत, रोजचे साठ-सत्तर किलोमीटर. डांबर निम्म्यालाच, पुढं खडी, आणि दोन गावं घाटात. कॅन जास्त हादरला की नायट्रोजन लवकर उडून जातो आणि कांड्या मरतात. म्हणून गाडी दणकट नसली तरी चालेल, पण हादरणारी नको. पाय पुरे टेकतात, तुमच्या गाडीवर टेकत होते तसे.

एक तारखेला स्वतःच्या गाडीचे कागद दाखवायचे. नाही दाखवले तर यादीतल्या पुढच्या मुलाला जागा जाईल. तो तर टपूनच बसलाय. परवा ट्रेनिंगच्या दौऱ्यात एक आजोबा म्हणाले, "पोरी, तू कशाला आलीस? तुझ्या सायबाला धाड." मी म्हणाले, "आजोबा, सायबाला लाथ बसली मागच्या आठवड्यात, म्हणून मला धाडलं." लई हसले. गाय भरू दिली मग.

मामा, खरं सांगू का? जुनी शोधायची तरी कशाला. तुमचीच गाडी द्या की मला! तिच्यावरच शिकले. तुम्ही दुसरी घ्या मोठी.

आणि फोन उचलत जा हो.

तुमची,
रूपा

०

उस्मानपुरा
१५ ऑक्टोबर

चि. रूपास, जयभीम.

माझी गाडी मागू नकोस.

तीन गाड्या पाहिल्या. पहिली शिवराजच्या यार्डात, लाल, शंभर सीसीची. मीटर एकवीस हजार दाखवतं. शिवराज म्हणाला, "मिस्त्री, एक हात की गाडी है, बँकेतला माणूस होता." मी खाली वाकून पाय ठेवायचं रबर पाहिलं. पार गुळगुळीत, खालचं लोखंड दिसत होतं. एकवीस हजारात रबर असं झिजत नाही, ऐंशी तरी झालेत. मी त्याला रबर दाखवलं. तो म्हणाला, "त्या साहेबाचे बूट जड होते." मी पुढं गेलो.

दुसरी औरंगपुऱ्यात, एका रिटायर गुरुजींच्या घरी. गाडी पुसून उभी केलेली, हँडलला रुमाल. गुरुजी म्हणाले, "चाळीसच्या वर कधी नेली नाही." मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून धरली. पुढचं चाक दोरीपासून दीड बोट बाहेर. चासी वाकलेली आहे, कुठंतरी जोरात बसलेली. मी म्हणालो, चाळीसवरच बसली असेल. गुरुजींनी चहाचा कप उचलून आत नेला. मी अजून पीत होतो.

तिसरी पुन्हा शिवराजकडंच. सव्वाशेची, काळी, २०१८ ची, एमएच २० पासिंग, बँकेचा बोजा उतरलेला. इंजिन गरम करून ठेवतात हे लोक, म्हणजे खोडी कळत नाही. म्हणून न सांगता सकाळी यार्ड उघडायच्या वेळेला गेलो. थंड इंजिन दुसऱ्या किकला चालू झालं. धूर नाही. दोरी सरळ. शॉकअपमधून तेल गळत नाही. रबर आणि मीटर एकमेकांशी जुळतात.

मग हात. माझी पद्धत तुला माहीत आहे. गाडीच्या उजव्या अंगाला उभं राहायचं, उजव्या हातानं ॲक्सिलरेटर, डावा तळहात इंजिनच्या कव्हरवर पालथा. कानाला फसवता येतं, जाड तेल घातलं की इंजिन कानाला गोड लागतं. हाताला फसवता येत नाही. हळूहळू आवाज वाढवत नेला. काही नाही. इतकं शांत इंजिन मला कित्येक वर्षांत लागलेलं नाही.

चालवून काकासाहेबानं पाहिली, बाजारातल्या गर्दीत, तिसाच्या आत. मी मागं बसलो. मागं बसल्यावर जास्त लक्ष देता येतं.

चव्वेचाळीस सांगतो. कमी होईल. कळव.

मामा

०

फर्दापूर
१७ ऑक्टोबर

ती. मामा,
जयभीम.

काळी घ्या. पैसे मामीच्या फोनवर टाकते.

एक विचारू? जुलैमध्ये तुम्ही ते स्थळ आणलं होतं आणि मी नाही म्हणाले, त्याचा राग आहे का? मुलगा चांगला होता, मला माहीत आहे. पण तेव्हा ही नोकरी लागायची होती. त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकला नाही. मामीला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "ते झोपलेत." भर दुपारी तुम्ही कधी झोपत होता? वर्कशॉपमध्ये जेवायलासुद्धा बसत नव्हता. आणि गाडी मागितली ती चेष्टा होती हो. एका ओळीत तोडून टाकलंत.

राग असेल तर शिव्या द्या. लिहून द्या पाहिजे तर.

रूपा

०

उस्मानपुरा
२४ ऑक्टोबर

चि. रूपास, जयभीम.

राग नाही. स्थळाचं मी विसरलो होतो.

गाडी घेतली. बेचाळीस हजारांवरून शिवराज खाली यायला तयार नव्हता. मी बोललो नाही, नुसता उभा राहिलो. न बोलता उभं राहिलं की दुकानदार आपोआप उतरतो, हे मला या वयात समजलं. एकेचाळीसला झाली. नावावर करायचे अर्ज भरलेत, पावती पिशवीत आहे. विमा एक वर्षाचा. मागच्या कॅरिअरला रबरी पट्टी आणि दोन क्लॅम्प बसवून दिलेत, कॅन घट्ट बसेल. क्लॅम्पचं वेल्डिंग मी केलेलं नाही, करून घेतलंय, पण उभा राहून.

काकासाहेबाचा मेहुणा गाडी चालवत आणील. शंभर किलोमीटर आहे, त्याला पन्नासच्या वर जाऊ नको म्हणून सांगितलंय.

आता तू शिकून घे. आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना, मी लिहिलं तसं उजव्या अंगाला उभं राहून डावा तळहात कव्हरवर ठेवायचा. चांगलं इंजिन हाताला कसं लागतं ते आधी ओळखून घे. पुढं बिघडलं की लगेच कळेल. सायलेन्सर जवळच असतो, मनगट सांभाळ.

मामा

०

फर्दापूर
५ नोव्हेंबर

ती. मामा,
जयभीम.

एक तारखेला कागद दाखवले आणि रुजू झाले. यादीतला तो मुलगासुद्धा गाडी बघून "छान आहे" म्हणाला.

पण मामा, गाडी हादरते. आधी वाटलं रस्ता खराब म्हणून. मग डांबरावरही पंचेचाळीसच्या पुढं गेलं की आरसे थरथरायला लागले, आरशात काहीच दिसेना. कॅनमधला नायट्रोजन बारा दिवस पुरायचा तो चौथ्या दिवशीच तळाला गेला. मला कळलंच नाही. काल दगडाबाईंची गाय माजावर होती. मी पोचले, झाकण उघडलं, वाफसुद्धा नाही. कांड्या मेलेल्या. आता एकवीस दिवसांनी परत. दगडाबाई म्हणाल्या, "गाय थांबती व्हय तुज्या गाडीसाठी? एकवीस दिस म्या तिला काय सांगू, बाई येनारे म्हून?"

आज सकाळी तुम्ही लिहिलं तसं केलं. उजव्या अंगाला उभी राहिले, डावा तळहात ठेवला. हात ठेवल्या ठेवल्याच कळलं. बारीक खडखड, खालून वर येणारी, कोपरापर्यंत. ॲक्सिलरेटर वाढवला तर हात उचलावा लागला. इथल्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणतो, क्रँकचं बेअरिंग गेलंय, आणि हे काही आठ दिवसांत होत नाही.

माझा संशय शिवराजवर आहे. तुम्ही बघितली त्यानंतर त्यानं आतलं काही बदललं असेल का? तुमच्या हाताखालून ही गाडी पास होणं शक्यच नाही. त्याला धरा मामा.

सुदर्शन साहेबांनी पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तोपर्यंत गाडी नीट झाली नाही तर माझी गावं वाटून टाकतील.

रूपा

०

उस्मानपुरा
७ नोव्हेंबर

रूपा बाळा,

मी तुझी मामी लिहितेय. मला लिहायची सवय नाय, चुकलंमाकलं समजून घे. तुझं पत्र आल्यापासून ह्यांनी जेवण केलंय, झोपलेत, आंघोळ केलीय, समदं येळेवर. पण पत्राबद्दल एक शब्द नाय. म्हणून मीच लिहिते.

शिवराजनं काही बदललं नाय गं. ऑगस्टात ह्यांना झटका आला. वर्कशॉपातच खाली बसले आणि उठता येईना. घाटी दवाखान्यात अकरा दिवस होते. कुणाला सांगायचं नाय अशी मला शपथ घातली, तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाय. आता चालतात. पण तोंड एका बाजूला जरा वाकडं झालंय, बोलणं जड येतं, म्हणून फोन घेत नाय. आणि डावा हात हलतो, पण त्याला काही लागत नाय. गरम नाय, गार नाय. वर्कशॉपचं शटर तवापासून बंद आहे. गाडी सप्टेंबरात विकली, औषधाला. तू मागितलीस तवा घरात नव्हतीच ती.

तुझी काळी गाडी बघून आले त्या दिवशी मी ताट वाढलं तर मनगटावर हा एवढा फोड. सायलेन्सरला हात टेकला होता. म्हटलं, कुठं भाजलं? तर म्हणाले, कुठं काय? स्वतः बघितलं तवा कळलं त्यांना. थोडा वेळ बघत बसले त्या फोडाकडं आणि मग भाकर मोडली. फोड बघूनसुद्धा त्यांच्या डोक्यात आलं नाय बघ, की ज्याला जाळ लागला नाय त्याला इंजिन काय लागणार. का आलं होतं आणि गप्प बसले, ते मला ठाऊक नाय.

तू सोमवारी गाडी घेऊन ये. मी सांगितलं म्हणू नको. शिवराजशी भांडू नको.

मामी,
मनकर्णा

०

उस्मानपुरा
१४ नोव्हेंबर

चि. रूपास, जयभीम.

गाडी काकासाहेबाच्या मेहुण्याजवळ पाठवतोय. उद्या पंधरा तारीख. सुदर्शन साहेबांना सकाळीच नेऊन दाखव.

मनकर्णेनं तुला लिहिलं हे मला माहीत आहे. काकासाहेबाच्या पोटात काही राहत नाही. असू दे.

सोमवारी तू ॲक्सिलरेटर धरलास आणि मी आधी डावा हात ठेवला, मग उजवा. डाव्या हाताला तीच शांतता लागली जी यार्डात लागली होती. उजव्या हाताला जे लागलं ते लहान लेकरालाही कळलं असतं. तू तोंड फिरवून आरसा पुसत बसलीस. बरं केलंस. मला वाटलं होतं, आतून काहीतरी येईल, राग किंवा रडू. काही आलं नाही. अजूनही आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते की डाव्या अंगाचं हळूहळू परत येईल किंवा येणार नाही. पण आतून काही येत नाही, याबद्दल मी त्यांना विचारलेलं नाही.

इंजिन उतरवून उघडलं. मी उभा राहून सांगितलं, खोलणारा दुसरा होता. क्रँक बाहेर काढून प्रेसवर दोन्ही बेअरिंगं नवी घातली. कनेक्टिंग रॉडही थोडा ढिला होता, तोही बदलला. ऑइल सील नवी. जुनी बेअरिंगं पिशवीत दिलीत, तुझ्या मेकॅनिकला दाखव, म्हणजे पुढं कुणी काही म्हणायला नको. खर्च माझा. त्यावर वाद नको, गाडी मी पास केली होती.

बसवून झाल्यावर तीन वेगवेगळ्या माणसांचे हात कव्हरवर ठेवून घेतले: खोलणारा, काकासाहेब आणि तुझी मामी. तिघांनाही बाहेर पाठवून एकेकाला आत बोलावलं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बोलणार नाही. काकासाहेब म्हणाला, ठीक. खोलणारा म्हणाला, ठीक. मनकर्णा म्हणाली, "दळणाच्या गिरणीतून नुकतं आलेल्या पिठावर हात ठेवावा तसं लागतंय." तिचं मी धरलं. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या पुढं जाऊ नकोस आणि मग तेल बदल. कॅन भरल्यावर रोज सकाळी काठी घालून नायट्रोजन मोजत जा, गाडी कितीही चांगली असली तरी. दगडाबाईंच्या गाईची तारीख पंचवीस नोव्हेंबर होते, मी कॅलेंडरवर खूण केली आहे.

शिवराजवर तू संशय घेतलास, त्याचं कुठं बोलू नकोस. त्याला ते बेअरिंग माहीत नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. तो बुधवारी घरी आला होता. मनकर्णेनं चहा दिला. लाल गाडीचं रबर मी त्यालाच दाखवलं होतं, गुरुजींच्या गाडीची दोरीही त्याला कुठून तरी कळली होती. म्हणाला, "मिस्त्री, गिऱ्हाईक हल्ली यूट्यूब बघून येतं, माझ्यावर भरवसा नाही ठेवत. बस आपका हाथ चाहिए. यार्डात खुर्ची टाकतो, पंखा लावतो. गाडी आली की तुम्ही हात ठेवायचा आणि पास का नापास, एवढंच सांगायचं. बोलायचं काम माझं."

मी म्हणालो, नाय.

त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. एकेचाळीसच्या वेळेला मी गप्प उभा होतो ते त्याच्या लक्षात राहिलं असावं. त्यानं आकडा वाढवला. मी पुन्हा नाय म्हणालो. हा एक शब्द मला अजून सरळ म्हणता येतो. तो म्हणाला, "अहो, वर्कशॉप बंद आहे तुमचं, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. घरबसल्या काय करणार?" मनकर्णा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

तू सोमवारी निघताना म्हणालीस, "मामा, उजव्या हातानं बघत जा की." तुझं बरोबर आहे. पण डाव्या हाताला सगळं शिकायला पंचवीस वर्षं लागली, उजवा अजून शिकाऊ आहे. आणि डावा हात अजूनही मला प्रत्येक गाडी चांगली म्हणून सांगतो. तुझी गाडी आली म्हणून चूक कळली. तू घाटात चालवलीस, तुझ्या कॅननं सांगितलं, तू परत आणलीस. यार्डातून रोज दोन-तीन गाड्या जातात. त्या घेणारी माणसं पत्र लिहीत नाहीत.

शिवराजला मी कारण सांगितलं नाही. तेवढं माझ्याकडून झालं नाही.

चहा संपवून तो गेला. मनकर्णेनं कप उचलले आणि विचारलं, "किती म्हणत होता?" मी म्हणालो, थोडेच.

तुझा मामा,
साहेबराव

ता. क. महिन्याला पंधरा हजार म्हणाला होता, मग अठरा. वर पास केलेली प्रत्येक गाडी विकली की तीनशे.